अंगठ्याच्या नखाचे चार श्रेयांक

माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहितेय. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हातातलं काम न थांबवता तू ऐकायचीस आणि शेवटी एकच विचारायचीस, "एवढंच हाय, का मधलं गाळलंस?" बहुतेक वेळा मी मधलं काही तरी गाळलेलं असायचं. मामाचं आजारपण, आत्याचा टोमणा, असलं काही. तुला ते माझ्या आवाजावरून कळायचं. आज वाचून दाखवायला समोर तू नाहीस, तेव्हा आवाजावरून काही कळायचंही नाही. म्हणून आधीच कबूल करते, सरळ सांगत जाईन, आणि मधलं काही गाळलं तर ते शेवटी तरी सांगेन.

मागच्या महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झाले. जालन्यातल्या त्याच बियाण्याच्या कंपनीतून, जिचे प्लॉट तू वडीगोद्रीच्या शिवारात वर्षानुवर्षं सांभाळलेस. निरोपाच्या कार्यक्रमात माझी माहिती वाचून दाखवली. शिक्षण, बी.एस्सी. कृषी. कंपनीतली पहिली महिला क्षेत्र अधिकारी. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी नुकतीच लागलेली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोणत्या कॉलेजच्या?" मी म्हटलं, "थोडी जालन्याच्या, थोडी पोस्टानं आलेल्या पुस्तकांच्या, आणि बाकी सगळी माझ्या मायच्या." तिला वाटलं मी गंमत केली. ती हसली, मीही हसले. पण ते मी हिशेबानं बोलले होते. विद्यापीठानंच तसं मापून दिलेलं आहे.

तुझ्या हाताखाली बारा बाया होत्या. ऑगस्ट संपत आला की कपाशीला कळ्या भरायच्या आणि तुमची टोळी प्लॉटवर जायची. दुपारचं ऊन कलायला लागलं की उद्या उमलणारी कळी हेरायची. तिचा गळा अंगठ्याच्या नखानं गोल, अलगद, साल काढावी तसा कापायचा आणि एका पिळ्यात पाकळ्या आणि नराची केसरं एकदम उचलून घ्यायची. मधली नाजूक काडी, स्त्रीकेसर, उघडी राहायची. तिच्यावर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपी काढून दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग तिला लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. संकरित बियाणं म्हणतात ते असं एकेका फुलातून हातानं होतं, हे ते पेरणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. तुझ्या अंगठ्याचं नख त्या कामासाठी वाढवलेलं असायचं. कडेनं घासून, पातळ, थोडं तिरपं. तू ते भाकरी थापताना जपायचीस, धुणं धुताना जपायचीस. बांगडी फुटल्याचं तुला कधी फारसं वाटलं नाही. नख तुटलं की मात्र दोन दिवस तू कुणाशी धड बोलायची नाहीस.

मी नववीत होते. रविवारी आणि सुट्टीत तुझ्याबरोबर यायचे, म्हणून मीही उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासायचे. मास्तरांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली, वर्गासमोर ब्लेड दिलं आणि नख कापायला लावलं. "शाळेत यायचंय का चेटकीण व्हायचंय?" वर्ग हसला. घरी येऊन मी तुला सांगितलं, नख तुटलं. तू माझा अंगठा उजेडात धरलास. "तुटल्यालं असं सरळ नसतं. कुनी कापलं?"

दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीस. मी लाजेनं मैत्रिणींच्या आड लपून खिडकीतून बघतेय. डोक्यावर पदर, पायात चिखल, आणि मास्तरांपुढं अंगठा वर करून तू उभी.

"मास्तर, ह्ये नख न्हाई. अवजार हाय."

"मग अवजारं शाळेत कशाला आणायची?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही खडू घरी नेता का न्हाई, शर्टावर? तसंच. काम करनाऱ्याच्या अंगावर काम राहातं."

मास्तरांच्या शर्टाच्या बाहीला खरंच खडू लागलेला होता. त्यांनी खाली बघितलं आणि त्यांना हसू आलं. मग तुमचा दोघांचा तह ठरला. नऊ नखं शाळेच्या नियमाप्रमाणं कापलेली असतील, दहावं तुझं. त्या वर्षापासून सोमवारी माझ्यापाशी आले की मास्तर विचारायचे, "नऊ बराबर?" मी म्हणायचे, "नऊ बराबर." तेव्हा मला त्याची लाजच वाटायची. अभिमान वाटायला फार वर्षं लागली.

आणि तो दिवस. दसऱ्याची सुट्टी असावी. मी घाईत होते, मैत्रिणी वाट बघत होत्या. तू माझ्या ओळीतून मागून चालत आलीस, एक लाल टोपी उचललीस, वाकून बघितलंस आणि फक्त एक शब्द बोललीस.

"सुटलं."

त्या शब्दाला अख्खी टोळी थांबायची. सुटलं म्हणजे कळी नीट सोलली गेली नाही, केसराचा कण मागं राहिला. तेवढ्या एका कणानं फूल स्वतःचंच बी धरतं. मी म्हटलं, "एकच तर आहे माय. एवढ्या मोठ्या प्लॉटात कोणाला कळतंय?"

"कुनाला न्हाई कळत. थैलीवर संकर म्हनून छापत्यात, अन आत ह्ये जातं. पेरनारा बिचारा ते वाचून घेतो. मला वाचता येत न्हाई, पन म्हनून माझ्या थैलीवर खोटं लिहून चालंल का?" मग माझ्याकडून ती कळी खुडून घेतलीस, आणि माझी सगळी ओळ पुन्हा पहिल्यापासून तपासायला लावलीस. मैत्रिणी निघून गेल्या. ओळीत आणखी दोन सुटलेली सापडली. संध्याकाळी कंपनीचे साहेब मोटारसायकलवरून आले तेव्हा तू आपणहून सांगितलंस, "माझ्या पोरीच्या हातची तीन सुटली होती, खुडली." साहेब म्हणाले, "बाई, एवढं कोण सांगतं?" तू म्हणालीस, "मला चौथीपर्यंत शाळा घडली असती ना सायेब, तर तुमच्या खुर्चीवर बसून मी ह्येच इचारलं असतं." साहेब खो खो हसले. मग हजेरीचं मस्टर पुढं केलं आणि तू शाईत अंगठा बुडवून उठवलास. त्याच नखाचा अंगठा.

चौथीचं ते तुझं पालुपदच होतं. रेडिओवर कुणी चुकीचं बोललं तरी, आणि ग्रामसेवकानं आडवं उत्तर दिलं तरी, "मला चौथी असती ना."

बारावीनंतर तू मला जालन्याला कॉलेजात घातलंस. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागच्या एका गल्लीत खोली, तीन मुली मिळून. पहिल्याच महिन्यात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी फळ्यावर फुलाचा छेद काढला आणि हातात चिमटा घेऊन परागीकरण समजावलं. मला सगळं येत होतं. फक्त नावं माहीत नव्हती. शनिवारी घरी येऊन तुला म्हटलं, "माय, तुझ्या कामाला इंग्रजीत नाव आहे." तू कळी सोलता सोलताच विचारलंस, "नावानं हात जल्दी चालतो का?"

ते एकच वर्ष झालं. वनस्पतिशास्त्र आणि इंग्रजीत पास, रसायनशास्त्रात आणि गणितात नापास. उन्हाळ्यात स्थळ आलं, वडिलांना ते सोडवेना, आणि माझं लग्न झालं. मी रडत रडत ते मार्कशीट फाडायला घेतलं होतं. तू हातातून काढून घेतलंस. "फाडती कशाला? वरीस वाया न्हाई गेलं. सरकी कोठीत पडली म्हनून मेली असं असतं का? दोन साल राह्यली तरी उगवती." ते तू कुठं ठेवलंस मी विचारलंही नाही.

पुढं नवऱ्याची बदली अंबडला झाली. दोन मुलं झाली. मी तुझ्याच कंपनीत हंगामी काम धरलं, प्लॉटवर बायांना कळी सोलायला शिकवायचं. तू गेलीस त्या हिवाळ्यात मी एका प्लॉटवरच होते. सहा वर्षांनी कंपनीत क्षेत्र अधिकाऱ्याची कायम जागा निघाली. नवे मॅनेजर म्हणाले, "काम तुमच्यासारखं कोणाला येत नाही हे मी लिहून देतो. पण पदवी लागते. दोन वर्षं जागा धरून ठेवता येईल, त्यापुढं माझ्या हातात नाही." मी चौतिशीला आले होते. मुक्त विद्यापीठाची कृषीची पदवी घरी बसून करता येते असं ऐकलं होतं, पण पहिल्यापासून केली तर चार वर्षं. दोन वर्षांत चार वर्षांचं कसं बसवायचं?

अभ्यास केंद्राचे संयोजक मंठ्याकडचे होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, आधी कुठं काही शिकल्यात का? अर्धवट का असंना?" मी सांगितलं, एक वर्ष, दोन विषय. ते खुर्चीत पुढं सरकले. "मंग ते वाया कशाला घालवता? पास विषय इकडं वळते होत्यात. मार्कशीट आना, जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आना, अन त्या साली काय शिकवत होते त्या अभ्यासक्रमाची कॉपी." मग दुसरा कागद काढला. "अन ह्ये बघा, बीजोत्पादनाचं प्रात्यक्षिक. ज्याला काम आधीपासून येतंय त्यानं तासाला बसायची गरज न्हाई. परीक्षक येऊन हात बघत्यात. बराबर निघाला तर चार श्रेयांक."

"श्रेयांक म्हणजे काय हो, सर?"

"शिकल्याचं माप समजा. धान्याला पायली असती तशी. कुठल्या शेतातून आनलं ते नंतर. आधी भरतंय का बघायचं."

मार्कशीट आणा म्हणाले, आणि मला तुझे हात आठवले. भावाच्या घरी जाऊन तुझी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी कंपनीच्या बियाण्याची रिकामी थैली होती, तोंड दोऱ्यानं बांधलेलं. देठाला बांधतो तोच दोरा, तीच गाठ. आत माझं मार्कशीट, एकही घडी न फाटलेलं. तुला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि तू ते बियाण्यासारखं कोरडं ठेवलं होतंस. संयोजकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "पंधरा वर्षांचा कागद असा? कुनी सांभाळून ठेवला हो?" मी म्हटलं, "मायनं." अभ्यासक्रमाची कॉपी मिळवायला मी कॉलेजात तीन खेटे घातले. शेवटी ग्रंथालयातल्या शिपायानं माळ्यावरून धूळ झटकत एक पुस्तिका काढून दिली आणि म्हणाला, "बाई, हे मागायला येणारं माणूस तुम्ही पहिलंच." दोन्ही विषय वळते झाले, आणि उरलेले दर वर्षी दुप्पट घ्यायची परवानगी संयोजकांनी मिळवून दिली. वनस्पतिशास्त्र आणि इंग्रजी. सरकी उगवली, माय.

राहिलं प्रात्यक्षिक. ते हुकलं असतं तर एक पूर्ण हंगाम तासांना बसावं लागलं असतं आणि जागेची मुदत निघून गेली असती. सप्टेंबरातली दुपार. केंद्राच्या प्लॉटवर आम्ही सहा जण उभे. परीक्षक बाहेरचे, पिकल्या मिशांचे, कृषी महाविद्यालयातले. प्रत्येकापुढं ट्रे, त्यात चिमटा आणि बारकी कात्री. पंचवीस कळ्या करायच्या. मी चिमटा उचलून बाजूला ठेवला.

"चिमटा नको?" परीक्षकांनी विचारलं.

"नको सर. माझा माझ्याजवळ आहे."

त्यांनी माझा अंगठा बघितला आणि वहीत काही तरी टिपलं. शेजारचा एक जण कुजबुजला, "ताई, परीक्षेला आलात का भाजी निवडायला?" मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमची कळी बघा, तिचा गळा दाबून राह्यलात." माझ्या पंचवीस झाल्या तेव्हा त्याची सातवी चालली होती. मग परीक्षक भिंग घेऊन माझ्या ओळीत वाकले. एकेक टोपी काढतात, बघतात, पुन्हा घालतात. चौदाव्या कळीशी थांबले. बराच वेळ थांबले. माझ्या कानात तुझा शब्द येऊन बसला. त्यांनी खिशातून बारीक कुंचला काढला, काही तरी झटकलं आणि म्हणाले, "धूळ आहे." पुढं गेले. पंचविसाव्याला सरळ उभे राहिले, कंबर धरली. "एकही नाही."

"एकही काय नाही, सर?"

"सुटलेलं एकही नाही."

त्यांनाही तोच शब्द येत होता, माय. इतका अभिमान मला पुढं पदवीच्या दिवशीही वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावले, दोरे बांधले, आठवड्यानं संयोजकांनी धरलेली बोंडं मोजून कळवली आणि माझं काम झालं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पदवी हातात आली. गुणपत्रिकेवर बीजोत्पादनाच्या प्रात्यक्षिकापुढं गुणांच्या जागी एक शब्द छापलेला आहे. सूट. श्रेयांक चार. संयोजकांनी ती माझ्या हातात ठेवली तेव्हा मी तो शब्द वाचून हसत सुटले. ते म्हणाले, "काय झालं ताई, काही चुकलं का?" त्यांना कसं सांगू? जन्मभर 'सुटलं' म्हणून तू माझ्या ओळी मागं फिरवल्यास, आणि त्या दिवशी एकही सुटलं नाही म्हणून मला सूट मिळाली.

जागा मला मिळाली. त्यानंतर तुझ्यासारख्या कितीतरी बाया माझ्या हाताखाली आल्या. पुढं या परीक्षेला बसणाऱ्या सातआठ जणींचे अर्ज मी स्वतः भरून दिले. सगळ्यांना सांगत राहिले, नख कापू नका.

आता मधलं गाळलेलं.

त्या प्रात्यक्षिकाच्या अर्जात एक रकाना होता. आपण हे काम कोणाकडून शिकलात, त्यांचे नाव आणि शैक्षणिक पात्रता. घरी बसून मी तिथं मोटारसायकलवाल्या साहेबांचं नाव लिहिलं आणि पुढं त्यांची पदवी लिहिली. तुझं नाव लिहिलं तर अर्ज परत येईल अशी मला भीती वाटली. परीक्षकांनी माझ्या पंचवीस कळ्या बघून झाल्यावर अर्ज उघडला. "ही नखाची पद्धत मी पुस्तकातून शिकवत आलो," ते म्हणाले, "इतकी स्वच्छ आज पाहिली. या साहेबांनी शिकवली?"

मी मान खाली घातली. "नाही सर. माझ्या मायनं."

"मग इथं यांचं नाव कशाला?"

"ती मस्टरवर अंगठा करायची."

त्यांनी अर्ज माझ्याकडं सरकवला आणि स्वतःचं पेन पुढं केलं. "खोडा. खरं लिहा. बाजूला मी सही करतो." मी साहेबांचं नाव खोडलं आणि तुझं पूर्ण नाव लिहिलं. रेशनकार्ड सोडून कुठल्याही कागदावर ते मी पहिल्यांदाच लिहीत होते. मग पुढचा रकाना आला, शैक्षणिक पात्रता. पेन तिथं टेकलेलं. परीक्षक वाट बघतायत. मला दिसत होता तो मस्टरवरचा शाईचा अंगठा, आणि ऐकू येत होतं तुझं ते बोलणं. खरं काय लिहायचं तेही मला ठाऊक होतं, एकच शब्द होता.

मी लिहिलं, चौथी पास.

"चौथी?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी सही केली. तो अर्ज अजून विद्यापीठाच्या कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल, आणि त्यात तू चौथी पास आहेस. थैलीवर खोटं लिहिलेलं तुला चालत नव्हतं हे मला माहीत आहे. तू असतीस तर तेवढं खुडायला लावलं असतंस आणि वर साहेबांना जाऊन सांगितलं असतंस. हे पत्र मी त्या मार्कशीटच्या थैलीत ठेवणार आहे, तुझ्याच दोऱ्यानं बांधून. अर्ज दुरुस्त करायला मात्र मी कधी गेले नाही, माय, आणि जाणारही नाही. तेवढं एक मी कळून सवरून सुटू दिलं.